कौसाबाईनं पाहिलेली बोटं

वॉर्डात शिरली की कौसाबाई रुग्णाच्या तोंडाकडे बघत नसे. आधी पायाकडचं पांघरूण उचलून बोटं बघे. बोटं आत वळलेली असली की म्हणे, "हिला लई दुखून राह्यलंय. तोंड खोटं बोलतं साहेब, बोटं न्हाई."

सत्तरच्या दशकात जालन्याच्या एका दवाखान्यात ती आया होती. मूळची धावडा गावची. मी भूल देणारा नवा डॉक्टर, शिष्ट आणि घाईचा. ऑपरेशनमध्ये रुग्ण हलू नये म्हणून पेथिडिन, दुखणं दाबणारं औषध, सढळ हातानं टोचायचो.

"तुमी ज्याला जास्ती देता, तोच मागून जास्ती वरडतो," ती एकदा म्हणाली. "दाबलेलं दुखणं दुप्पट होऊन उठतं."

"कौसाबाई, तुम्ही आता कॉलेजात शिकवायला जा."

ती हसली आणि बादली उचलून गेली. वीस वर्षं तिनं रुग्णांच्या उशाशी काढली होती, पण आयाचं ऐकायचं म्हणजे मला कमीपणा वाटे.

पुढे तिचीच गर्भपिशवी काढायची वेळ आली. टेबलावर तिनं माझा हात धरला. "साहेब, बराबर लागंल तेवढंच द्या. मागनं दुखंल ते मागनं बघू."

मी हो म्हणालो आणि नेहमीपेक्षाही जास्त दिलं. आपलं माणूस, तिला कळसुद्धा लागू नये, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी ती जागी झाली. चादर नुसती पोटाला घासली तरी अंग चोरत होती. पदराचा बोळा दातात धरलेला. मी पांघरूण उचललं. दहाही बोटं आत वळलेली. पण त्याच औषधानं श्वास इतका मंद चालला होता की आणखी सुई द्यायची माझी छाती होईना.

"जास्ती दिलं ना?" तिनं विचारलं.

"तुमच्यासाठीच दिलं, कौसाबाई."

"म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. दुखण्यापायी तिला खोकता येईना, कफ सुटेना. छाती भरत गेली आणि चौथ्या दिवशी ती गेली. लोक म्हणाले, न्युमोनिया. मीही कागदावर तेच लिहिलं.

नंतरच्या रुग्णांना मी मात्रा कमी केली, पण त्याचा तिला काय उपयोग?

तिला न्यायला धावड्याहून माणसं आली, तेव्हा मी पुन्हा पायाकडचं पांघरूण उचललं. बोटं सरळ झाली होती. माझ्या औषधानं ती सरळ झाली नव्हती.