देवी गप्प राहिली तेव्हा

देवी आपल्याला उत्तरच देणार नाही, असं मला कधी वाटलं नव्हतं. माझं माहेर गडमुडशिंगीच्या पलीकडच्या एका लहान गावातलं. तिथं गावदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण मनातला प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझं लग्न, मुलाचं शिक्षण, कळंब्यातली घराची जागा, सगळं तिला विचारून झालं. एकदा म्हैस घ्यायचंही विचारलं होतं. ती नको म्हणाली, तरी आम्ही घेतली, आणि त्या म्हशीनं पहिल्या आठवड्यातच माझ्या दिराला लाथेनं आडवं केलं. तेव्हापासून मी तिचा शब्द कधी मोडला नाही.

यंदा विचारायचं होतं ते सहलीचं. वरवर सहलीचं, खरं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. यांनी उभं आयुष्य गुळाचा ट्रक चालवला. कोल्हापुरात ढेपा भरायच्या आणि फोंडा घाट उतरून कोकणात पोचवायच्या. दोन वर्षांपूर्वी ट्रक चालवतानाच छातीत कळ आली. कशीबशी गाडी कडेला घेतली म्हणून वाचले. ऑपरेशन झालं, पथ्यपाणी झालं, डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं की आता कार चालवायला काही हरकत नाही. पण यांनी ट्रक विकून टाकला आणि पुन्हा कुठल्याच गाडीच्या ष्टेरिंगला हात लावला नाही. "माझ्या हातनं कुणाचं वाईट व्हाय नको," एवढंच म्हणायचे, आणि दारात खुर्ची टाकून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या बघत बसायचे. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, माझ्याशी भांडणंसुद्धा बंद झालं. नवरा भांडेनासा झाला की बायकोनं घाबरावं, हे मला तेव्हा कळलं. शरीर बरं झालं होतं, पण माझा माणूस काही दवाखान्यातून परत आला नव्हता.

गणपती गेले आणि आमच्या अमितनं चौघांच्या सहलीचं काढलं. त्याला रजा मिळाली ती नेमकी पितृपंधरवड्यातली. त्या दिवसांत आपल्याकडं कोण फिरायला जातं? म्हणूनच डोंगरातली सगळी हॉटेलं रिकामी, रस्ते मोकळे, असं त्याचं म्हणणं. तो आणि सूनबाई स्नेहा रोज जेवणं झाली की मोबाइलवर नकाशा उघडून बसायची. पहिला मुक्काम राधानगरीला, दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरून खाली, मग आंबोली चढून आजऱ्यावरून घरी, असा बेत ठरला. फोंडा घाटाचं नाव निघालं तेव्हा हे खुर्चीतूनच म्हणाले, "दाजीपूरच्या म्होरं सकाळचं धुकं असतंय." दोघं वळून बघतात तोवर यांनी मान फिरवली होती. पुढं म्हणाले, "तुम्ही जावा की. मी हाय घरात." पण त्या एका वाक्यात मला जुना माणूस दिसला, आणि यांना घेतल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही असं मी ठरवलं.

ठरवलं खरं, पण भीती होतीच. डोंगरात यांना काही झालं तर? दवाखाना कुठं शोधायचा? शेजारच्या वहिनींनी तर तोंडावरच विचारलं, "पितरांच्या दिसांत घाटात कुठं चाललाय वो? आनि तेबी पेशंटला घिऊन?" म्हणून मी माहेरी गेले आणि कौल लावायला सांगितला. नेऊ का नको, एवढंच विचारलं. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. समईची वात दोनदा सारून झाली, माझे पाय भरून आले, पण ना उजवी पडली ना डावी. शेवटी गुरवमामा म्हणाले, "देवी गप्प हाय बघ बाई. आज न्हाय बोलायची." मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. म्हशीचं सांगतेस आणि माणसाचं सांगत नाहीस होय, असं मी तिला मनातल्या मनात सुनावलं. येताना बसमध्ये वाटलं, नकार आला असता तरी परवडलं असतं, निदान जबाबदारी तिच्यावर टाकता आली असती.

तरी आम्ही निघालो. यांना कसं तयार केलं ते सांगत नाही. दोन दिवस मी जेवले नाही एवढंच. राधानगरीचं हॉटेल इतकं सुनं होतं की मालक आमच्याबरोबरच जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहानं जयसिंगपूरच्या माहेराहून आणलेलं भडंग मांडीवर घेतलं, अमित गाडी चालवत होता, हे त्याच्या शेजारी. दाजीपूर मागं पडलं आणि यांनी सांगितलेलं धुकं समोर येऊन उभं राहिलं. घाटाच्या तोंडाशी तर गाडीचं नाकसुद्धा दिसेना. एक ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला आणि अमितनं घाबरून गाडी कडेला घेऊन थांबवली. "आई, मला जमणार नाही," तो म्हणाला. मागं फिरावं तर वळायला जागा दिसत नव्हती.

तेवढ्यात मागून एक मोटरसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, अंगावर प्लॅस्टिकचा कागद. त्या माणसानं काचेवर टकटक केली. "काय पावणं, बिघडलीया व्हय?"

अमितनं अडचण सांगितली. तो माणूस वाकून आत बघत राहिला, अमितकडं नव्हे, यांच्या पायांकडं. गाडी थांबली तरी यांचा उजवा पाय खाली दाबलेलाच होता.

"हे बाजूला बसून बिरेक दाबायलेत की! अवो, तुमीच बसा ष्टेरिंगवर. मी रोज खाली फोंड्यात दूध घालतोय. माझ्या दिव्यामागनं सावकाश या."

यांनी वळून माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत यांनी मला काही मागितलं नव्हतं, आणि आता डोळ्यांनी मागत होते. अमित म्हणाला, "आई, नको." देवीच्या खांद्यावरच्या त्या पाकळ्या डोळ्यांसमोर आल्या, घट्ट चिकटलेल्या. आणि का कोण जाणे, मी म्हणाले, "चालवा."

मोटरसायकल पुढं, आमची गाडी मागं. पांढऱ्या धुक्यात त्याच्या किटल्याही दिसत नव्हत्या. दिसत होता तो फक्त उघडझाप करणारा उजवा दिवा. डावा नव्हताच. वळणावळणाला तेवढा एक उजवा दिवा पेटत होता, विझत होता, पुन्हा पेटत होता. मी हात जोडले ते घाट संपेपर्यंत सोडले नाहीत. यांचा गिअरवरचा हात मात्र घरच्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा शांत होता. खाली उतरलो, ऊन दिसलं, आणि अमित उतरून त्याचे आभार मानायला धावला. तोवर तो हात हलवून गावाच्या गल्लीत शिरला होता. त्याचं नावही आम्हाला माहीत नाही.

मी यांना दिव्याचं सांगितलं. हे हसले, दोन वर्षांनी मोकळेपणी हसले. "अगं, किटली लागून डावा फुटलाय त्येचा. एवढंच हाय ते." असेल. मी वाद घातला नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी मी देवीकडं हमी मागत होते, आणि अशी हमी कुणालाच मिळत नसते. तिनं उत्तर दिलं असतं तर मी तिच्या शब्दाला धरून चालले असते. ती गप्प राहिली, म्हणून मला तिलाच धरावं लागलं. आंबोली यांनीच चढवली, आजऱ्याला एक ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा त्याला मनसोक्त शिव्याही दिल्या. त्या ऐकून स्नेहा लाजली, माझे मात्र डोळे भरून आले.

पुढच्याच मंगळवारी आम्ही दोघं माहेरी गेलो. गाडी यांनीच चालवली. गुरवमामांनी पाकळ्या भिजवायला घेतल्या तेव्हा मी म्हणाले, "आज काही विचारायचं नाही, मामा. नुसता नारळ फोडा." मी देवीसमोर डोकं टेकलं. बाहेर सगळ्या गावाला ऐकू जाईल असा हॉर्न वाजायला लागला, आणि त्याच्यावर आवाज चढवून हे ओरडत होते, "आटप की आता! का हितंच ऱ्हानार हैस?"

मी मुद्दाम आणखी एक प्रदक्षिणा घातली.