सेटल झालेला माणूस

आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात ‘सेटल’ या शब्दाला फार वजन. मला पाहायला आले तेव्हा मध्यस्थाने अचलपूरच्या आमच्या घरी बसून वडिलांना एवढंच सांगितलं, “पोरगा सेटल आहे.” वडिलांनी पुढे काही विचारलंच नाही. बाळापूरचा तो पोरगा माझा नवरा झाला, आणि त्याला सेटल होण्याचा किती शौक आहे ते मला बऱ्याच वर्षांनी एका बँकेत कळलं.

राजापेठेत आम्ही भाड्याने राहतो. पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. गिऱ्हाईक पलंगावर बसतं, आणि माप घ्यायचं असलं की नवऱ्याला गॅलरीत उभं राहावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी एक गाळा रिकामा झाला आणि माझ्या डोळ्यांपुढून तो हलेचना. मालक म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. डिपॉझिट आणि नव्या मशीनसाठी नवऱ्याच्या पगारावर कर्ज काढायचं ठरलं.

बँकेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर त्याचा क्रेडिट रिपोर्ट उघडला. “साहेब, जुन्या कर्जापुढे सेटल्ड दिसतंय.”

नवरा खुर्चीत ताठ झाला. “हो ना! लग्नाआधी गाडीचं लोन होतं अकोल्याले. हप्ते थकले. मंग त्यांच्याच माणसानं म्हटलं, एवढे भरा, सेटल करून टाकू. मी भरले. पेढे वाटले ऑफिसात.”

मॅडम हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे ‘क्लोज्ड’ लागतं, असं त्यांनी समजावलं. सेटल्ड म्हणजे तडजोड. कर्ज देणाऱ्या कंपनीने उरलेल्या रकमेवर पाणी सोडलं. पुढच्या बँकेला तेच दिसतं, म्हणून स्कोअर घसरलेला आणि अर्ज अडलेला.

बाहेर पडताच मी भडकले. “काहून सांगतलं नाही मले?”

“अवं, मले वाटलं मिटलं. सेटल म्हंजे वाईट असते, हे मले कोण सांगीन?”

माझ्या वडिलांनी त्याच शब्दावर मुलगी दिली होती. माझा अर्धा राग तिथेच उतरला, उरलेला मी घरी भांड्यांवर काढला.

मॅडमनी वाट सांगितली होती: उरलेली रक्कम भरा, येणं बाकी नसल्याचा दाखला घ्या, रिपोर्टमधली नोंद बदलायला लावा. माझी भिशी नुकतीच लागली होती. ते पैसे घेऊन आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. कंपनीतला माणूस चक्रावला. “मिटलेलं कावून उकरून राहिले भाऊ?”

“मिटलं नोतं,” नवरा म्हणाला. “मी अर्ध्यात सोडलं होतं. आता पुरं करतो.”

मला त्याचा इतका अभिमान वाटला, की परतीच्या एसटीत मी त्याला खिडकीची जागा दिली.

नोंद बदलायला वेळ लागला. दिवाळी जवळ येत होती, मालक रोज विचारायचा, आणि मी रोज त्याच्या हातात चहा देऊन त्याला गप्प करायची. एका सकाळी नवरा दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून फोन घेऊन धावत आला. ‘क्लोज्ड’ लागलं होतं. स्कोअरही वर सरकला होता. फार नाही, पण मॅडमना पुरेल इतका. कर्ज मंजूर झालं.

गाळा घ्यायला आम्ही दोघं गेलो. मालकाने सवयीने किल्ली नवऱ्यापुढे धरली. नवऱ्याने हात मागे घेतला.

“माह्याकडे काय देता? मालकीण ते आहे. तिले द्या.”

मालक गोंधळला आणि मग त्याने किल्ली माझ्या हातात दिली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.