मामांची तिसरी बोट

कुठल्याही वस्तूची खरी लायकी तिच्या बुडाशी असते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या साऱ्या सोयऱ्यांत एकच, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. दुकानात पातेलं घेताना ते आधी उलटं करतात. बेल्ह्याच्या बाजारात लोक बैलाचे दात बघतात, हे खाली वाकून पोट बघतात. निरगुडसरच्या एका लग्नात आचारी भांडी शोधत फिरत होता, कारण मामांनी त्याची परात आणि कढई गुरांच्या हौदात सोडली होती आणि दोन्हींत एकेक नारळ ठेवून ते पाणी ढवळत बसले होते. "बघा पावणं," मला म्हणाले, "परात जागेवर हलत न्हाई, पण लाटंवर आपटती. कढई आपटत न्हाई, पण उभ्या जागी डुलती. दोनीचं लगीन लावाया पायजे." मांडवातलं लग्न तोवर लागून गेलं होतं.

हे वेड रिकामं नव्हतं. मामांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, धरणाच्या पलीकडच्या काठाला दिलेल्या. मामांचं नवं घर अलीकडे. आणि दोघं जन्मली ते घर मधल्या पाण्याखाली. दिवाळीला मामा स्वतःच्या बोटीतून मुराळी होऊन त्यांना आणायला जातात. सासूबाईंचं एकच मागणं असे, "घरावर आलं की मशीन बंद कर. घडीभर थांबू."

पहिली बोट सपाट बुडाची, पत्र्याची. इंजिन जुनं, तरी पाण्यावर चढून अशी पळायची की मामांची टोपी काठावरच राहायची. पण दुपारचं वारं उठलं आणि बूड लाटेलाटेवर आपटू लागलं. थांबणं राहिलं बाजूला, सासूबाईंना कधी एकदा काठ येतो असं झालं. उतरून चकल्यांचा डबा उघडला तर आत भुगा. "तुझ्या परातीत मी पुन्यांदा न्हाई बसायची!"

दुसऱ्या बोटीचं बूड मामांनी नांगराच्या फाळासारखं निमुळतं केलं. इंजिनाला धाप लागली, पण लाटा लोण्यासारख्या कापल्या. घरावर आल्यावर मामांनी मशीन बंद केलं, तशी बोट या कुशीवरून त्या कुशीवर. सासूबाईंनी डोळे मिटून माझी मान धरली. सासूनं जावयाला इतकं घट्ट क्वचितच धरलं असेल. "चालीव रं बाबा, चालीव!" त्यानंतर त्या जीपनं, डोंगराला वळसा घालून येऊ लागल्या.

मग तिसरी. पुढून फाळ, मागं परात. चाचणीला वजन म्हणून मी. "मधी बसा पावणं, तुमचं बूडबी सपाट हाय." मांडीवर चकल्यांचा डबा. पलीकडे पोचलं की मामा अख्ख्या चकल्या मोजणार. मोडलेल्या माझ्या, त्यामुळे माझी साक्ष कुणी धरत नसे. आठवडाभर फेऱ्या झाल्यावर एकदाची एकही मोडली नाही. मी उपाशी. "सपाटीवानी पळत न्हाई ही," मामा म्हणाले, "पण जाऊ दे."

गेल्या दिवाळीला सासूबाईंचे गुडघे इतके दुखत होते की जीपचीही चढ-उतर होईना. काठावर त्या बराच वेळ बोटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग माझ्या खांद्याला धरून बसल्या. वारं होतंच. मधोमध आल्यावर मामांनी डोंगराचा सुळका आणि काठावरचं आंब्याचं झाड एका रेषेत धरलं आणि मशीन बंद केलं. बोट जराशी हलली आणि उभी राहिली.

सासूबाईंनी वाकून पाण्यात पाहिलं. "वसरीवर आलो का रं?"

"न्हाई आक्का, अजून अंगणात हाय." मामांनी वल्ह्याचे दोन हलके हात मारले. "आता वसरी."

लग्नापासून आजवर माझ्यासमोर सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. तो त्यांनी सावकाश खांद्यावर घेतला, माहेरी आलेल्या लेकीनं घ्यावा तसा. मी दुसरीकडे तोंड करून डबा उघडला आणि उगीचच चकल्या मोजत बसलो.