जीजी नर्मदेची ओटी शेवटच्या दिवशी भरायच्या

धारहून कार्ड आलं तेव्हा मी गहू निवडत होते. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला आणि माझ्यानं ते वाचवेना. शेजारच्या गोदाआत्यांना दिलं. त्यांनी वाचून खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "जीजी गेल्या." लेकीकडे गेल्या होत्या, तिथंच झोपेत... याला आता सव्वा महिना झाला. चारचौघांत बोलायचं मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

जीजी देवासच्या आमच्या गल्लीतल्या. दर वर्षी आम्हां बायकांना नेमावरला नर्मदेच्या स्नानाला न्यायच्या. निघायच्या आधी प्रत्येकीकडून मैयाच्या ओटीचे पैसे घेऊन पिशवीत शिवून टाकायच्या. बाकीचे लोक पोचल्याबरोबर ओटी भरत. जीजी मात्र परतायच्या दिवशी, सगळ्या गाडीत बसायच्या आधी भरायच्या. का, ते कुणी विचारलं नाही.

माझ्या लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं. निघतानाच पोटात दुखत होतं. नवी सून, यात्रा मोडेल म्हणून बोलले नाही. नेमावरला दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायरीवरच बसले ते मला उठवेना. जीजींनी बैलगाडी केली, गोदाआत्यांना बरोबर घेतलं आणि मला खातेगावला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आतडं सुजलंय. फुटलं तर वाचणार नाही. चिरफाड इथं होत नाही, लगेच देवासला न्या."

गावात एकच मोटार होती. मोटारवाला आधी पैसे घेतल्याशिवाय जागचा हलेना. "पेले पैसा, बाई. रस्ते में कुछ हो गया तो किससे लूँगा? आने-जाने का दोनों लगेगा."

जीजींनी दातांनी पिशवीची शिवण तोडली. गोदाआत्यांनी त्यांचा हात धरला. "अहो, ही मैयाची ओटी आहे. तिला उद्या काय दाखवाल?"

"रिकामे हात. पुढच्या साली दुप्पट भरीन. मैयाला पुढचं साल आहे, या पोरीला नाही."

मग मोटारवाल्याला म्हणाल्या, "ले भिया, आने का बी, जाने का बी. अब मुँह बंद, गाड़ी चालू." वाटभर माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. खड्डा आला की मला दोन्ही हातांनी उचलून धरायच्या, आणि मोटारवाल्याला त्याच्या आईबापांची आठवण करून द्यायच्या.

चिरफाड झाली. मी वाचले. दवाखान्यात उशाशी बसून त्यांनी सांगितलं की त्यांचे यजमान निसरपुराकडे आजारी पडले होते. मोटार दारात उभी होती, पण भाडं गोळा होईपर्यंत ते गेले. मग हसून म्हणाल्या, "यात्रेला निघताना आजारपणाचे पैसे द्या म्हटलं असतं तर कुणी दिले असते? जीजी अभद्र बोलते म्हणाल्या असत्या. ओटी म्हटलं की कनवटीचं सुटतं."

सासूबाई पैसे परत द्यायला गेल्या तर जीजींनी घेतले नाहीत. "माझे नाहीत. सुनेला पुढच्या साली घेऊन या." पुढच्या साली नेमावरला त्यांनी ओटी माझ्याच हातानं भरवली. त्या वर्षी गोदाआत्यांनी न सांगता दुप्पट टाकले होते. अशी बाई आमच्या गल्लीत राहत होती, हे मला मोठ्यानं सांगावंसं वाटतं.

माझ्या त्या आजारापासून जीजींनी एक नवी रीत पाडली. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येकीला आपल्या खोलीत एकटीला बोलवायच्या, दार लोटायच्या आणि विचारायच्या, "कुठं दुखतंय? इथं लाजायचं नाही." परवा त्यांच्या लेकीनं त्या खोलीची किल्ली मला पाठवली. आज आम्ही नेमावरला निघतो आहोत, म्हणून काल मी दार उघडून आत बसले. गल्लीतली नवी सून आली, खाली बघत उभी राहिली. मी दार लोटलं आणि तिला विचारलं... मी वाट पाहिली. मग तिनं हळूच पोटावर हात ठेवला.