कोणाला काय द्यायचं

एकच काम दोनदा करायचा वहिनीला भारी कंटाळा. पार्सल कंपनीत ती प्रोग्रॅम लिहिते आणि घरी एकच झाकण तीन पातेल्यांवर बसवून दाखवते. दादा तिला 'आळशांची राणी' म्हणतो. म्हणू दे. मी तिच्या आळसाचा जन्माचा ऋणी आहे.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला. एरवी इतके बोलघेवडे, की शेजारी त्यांना बघून दार लोटून घ्यायचे. लिहून सांगावं, तर हात थरथरायचे. प्रोग्रॅमिंग मलाही थोडंफार येतं, म्हणून मी टॅबलेटवर चित्रांची बटणं केली. पेला दाबला की टॅबलेट बोलणार, "मला पाणी द्या." प्रत्येक बटणासाठी वेगळी मेथड, म्हणजे त्या बटणाच्या कामाचा प्रोग्रॅममधला तुकडा. पहिलीची नक्कल करायची, एक शब्द बदलायचा, झालं! मी स्वतःवरच खूश.

उशीच्या बटणात तो शब्द बदलायचाच राहिला. बाबांनी उशी दाबली, टॅबलेटने पाणी मागितलं, मी पाणी घेऊन धावलो. पुन्हा उशी, पुन्हा पाणी. तिसऱ्या पेल्यानंतर बाबांनी टॅबलेट पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग त्यांनी खुणा करणंसुद्धा सोडलं. हा माणूस आता कायमचाच गप्प होतो की काय?

सुट्टीच्या दिवशी वहिनी सकाळीच येऊन बाबांच्या पलंगाशी बसली. माझा प्रोग्रॅम बघून म्हणाली, "भावजी, एवढ्या मेथड कशाला? सगळ्या सारख्याच तर आहेत. एकच ठेवा, आणि बदलणाऱ्या शब्दासाठी पॅरामीटर घ्या, म्हणजे एक रिकामी जागा. बटण दाबलं की तो शब्द तिथे जाऊन बसेल."

"म्हणजे 'काय' हवंय ते."

"आणि 'कोणाला' ते."

"अहो वहिनी, आजारी माणूस स्वतःसाठीच मागणार ना?"

"ते तुम्ही का ठरवता?" म्हणत तिने 'मला' खोडलं आणि त्या जागीही पॅरामीटर घातला. माझ्या ढीगभर मेथड गेल्या, एक उरली. वरच्या रांगेत घरातल्यांचे फोटो, खाली वस्तू. फोटोंना नावं दिली ती बाबांच्या तोंडची.

दुपार कलली तेव्हा तिने टॅबलेट बाबांसमोर धरला. ते बघेनात. ती धरूनच बसली. अखेर थरथरतं बोट वर आलं. मला वाटलं, आता उशी मागणार. बोट फोटोंवरून फिरलं, एकावर टेकलं, मग खाली उतरलं.

"सूनबाईला जेवण द्या," टॅबलेट बोलला.

ती सकाळपासून उपाशी होती आणि ते फक्त बाबांच्या लक्षात आलं होतं. वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी नुसता बघत उभा. बाबांनी माझ्यावर डोळे वटारले आणि तीच दोन बटणं पुन्हा दाबली.