व्हायोलिनच्या गावी नारळ

आमच्या जुन्या नाट्यगृहात काल व्हायोलिनवादकांचा कार्यक्रम होता. पहिली धून छान रंगली आणि संपते न संपते तोच निवेदक म्हणाले, "पुढे जाण्याआधी कलाकारांचा छोटासा सत्कार."

कलाकारांच्या एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातात गज. कार्यक्रमाचे अध्यक्ष नारळ घेऊन रांगेतल्या पहिल्या वादक बाईंपुढे उभे राहिले. बाईंनी क्षणभर विचार केला, व्हायोलिन हनुवटीखाली दाबलं, गज दातांत धरला आणि नारळ घेतला. मग सगळ्या रांगेनेच तसं केलं.

"अहो, आता हे वाजवणार कशाने?" शेजारच्या काकूंनी मला विचारलं.

आपल्याकडचा सन्मान असाच. माणूस ज्या हातांनी काम करतो, तेच हात आधी अडकवायचे आणि वर म्हणायचं, दोन शब्द बोला.

शेवटी सगळ्यांनी नारळ पायाशी ठेवले आणि वादन पुन्हा सुरू झालं. जुना रंगमंच प्रेक्षकांकडे जरा कललेला. लय वाढली, पायांचे ठेके पडू लागले, तसा बाईंचा नारळ घरंगळत निघाला आणि धपकन खाली येऊन पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांच्या पायाशी थांबला.

त्यांनी तो उचलला, सवयीने उभे राहिले आणि मान झुकवून स्वीकारला.