आवाजाच्या मॅडम

आमच्या मॅडमइतकं कान देऊन ऐकणारं, आणि ऐकलेल्यातलं काहीही लक्षात न ठेवणारं माणूस अख्ख्या नाशकात दुसरं नसेल. विद्यापीठाच्या नाट्य विभागात त्या आवाज आणि उच्चार शिकवायच्या. समोरचा काय बोलतोय यापेक्षा तो नाकातून बोलतोय की घशातून, इकडेच त्यांचं सगळं लक्ष. एकदा शेजारच्या काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं, "अहो, तुमची टाकी वाहतेय!" तर मॅडम भारावून म्हणाल्या, "वा! 'टा' काय सुरेख सुटला तुमचा!" टाकी पुढे अर्धा तास वाहत होती. सीबीएस बसस्थानकाजवळ एक रिक्षावाला त्यांच्यावर भडकला, तेव्हा त्याला हाताने थांबवून त्या म्हणाल्या, "असं घशातून भांडू नका, संध्याकाळपर्यंत आवाज बसेल. पोटातून भांडा." तो बिचारा भांडण विसरला आणि त्यांना घरापर्यंत सोडून आला.

मी चांदवडचा. दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून नाटकाच्या कोर्सला आलो. वर्गात आम्ही सात जण आणि शंभरेक खुर्च्यांचं थिएटर. उरलेल्या जागेवर कबुतरांचा हक्क. पहिल्याच आठवड्यात मॅडम आम्हाला पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव बघायला घेऊन गेल्या. लिलाव पुकारणाऱ्याच्या पोटाकडे त्या टक लावून बघत उभ्या राहिल्या. तो शेवटी वैतागून म्हणाला, "मॅडम, माल घ्यायचाय का नाय?" "नाही हो," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही श्वास कुठे घेता ते बघतेय." त्यानंतर त्याला श्वासच सापडेना. व्यापारी हसायला लागले, आणि आम्ही हळूच टेम्पोच्या आड सरकलो.

आमच्यात पेठ तालुक्यातल्या डोंगराळ भागातली एक मुलगी होती. तिचे आईवडील भाताची कामं उरकली की द्राक्षबागांत मजुरीला यायचे. ती इतकी हळू बोलायची की शेजाऱ्यालाही वाकून ऐकावं लागे, आणि चुकून ऐकू आलंच तर तिच्या बोलीला आम्ही हसायचो. हसणाऱ्यांत मी पुढे होतो. मॅडमनी तिचा एकही शब्द कधी सुधारला नाही. एके दिवशी त्यांनी तिला स्टेजवर उभं केलं आणि विचारलं, "आई समोरच्या डोंगरावर असली तर कशी बोलावतेस गं?" ती खूप वेळ लाजली. मग डोळे मिटून तिने हाक मारली. सगळी कबुतरं एकदम उडाली. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

दुसऱ्या वर्षी एक समिती आली. थिएटरच्या जागी ऑनलाइन परीक्षांचं केंद्र करायचं घाटत होतं. समितीचे अध्यक्ष सज्जन होते. त्यांनी सरळ विचारलं, "या कोर्समधून आजवर मोठे नट किती झाले?" मॅडम तितक्याच सरळपणे म्हणाल्या, "एकही नाही." आम्ही कपाळावर हात मारला. "मग मुलं इथे शिकतात काय?" "बोलायला, साहेब. आणि दुसरा बोलत असताना गप्प बसायला." एवढं सांगून त्यांनी समितीला शेवटच्या रांगेत बसवलं आणि पेठच्या मुलीला खूण केली.

तिने स्वतःच बसवलेला चार मिनिटांचा प्रसंग केला. दवाखान्याच्या खिडकीपाशी बाप उभा आहे. तो नाव सांगतो, आतून प्रश्न येतो, "काय?" तो पुन्हा सांगतो, पुन्हा तेच, "काय?" तिसऱ्यांदा तो काहीच बोलत नाही आणि मुलीचा हात धरून रांगेतून बाहेर पडतो. सगळं तिच्या बोलीत, माइकशिवाय. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "तुझे वडील?" त्यांनी विचारलं. "व्हय," ती म्हणाली. मॅडमना मात्र राहवलं नाही. "दुसऱ्यांदा नाव सांगताना श्वास कमी पडला," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने पत्र आलं. आमच्या तुकडीचा कोर्स पूर्ण होईपर्यंत थिएटर राहील, नवे प्रवेश बंद. म्हटलं तर जिंकलो, म्हटलं तर नाही. ती मुलगी आता गावाकडे आशा कार्यकर्ती आहे; तिने दवाखान्यात नेलेलं माणूस खिडकीवरून तसंच परत येत नाही, असं ऐकतो. मी शाळेत मराठी शिकवतो.

शेवटच्या दिवशी आम्ही सातही जणांनी थिएटर झाडून काढलं. त्या मुलीने आग्रह धरला, "मॅडम, आज तुम्ही वर जाऊन काहीतरी बोला." दोन वर्षांत त्यांना स्टेजवर चढलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पदर खोचून त्या चढल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. मग त्यांनी आमची नावं घेतली, एकामागून एक, सातही. प्रत्येक नावानंतर थोडं थांबून.

मग त्या म्हणाल्या, "चला, निघा आता. पेठची गाडी सुटेल."